सोळा टन चुना आणि एक रिकामा कोपरा

"तू जमिनीला चुना लावतोयस की जमीन तुला?" दादाने हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसायला फक्त तोच होता. मी तोवर पायाच्या बोटांपासून भुवयांपर्यंत पांढरा झालो होतो आणि शेतातल्या मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा (pH), काही हलायला तयार नव्हता.

आमच्याकडे पाव हेक्टरचा एक उतार आहे. त्यावर काळ्या ट्रफलची, म्हणजे झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणाऱ्या एका खाद्य बुरशीची, लागवड करायची हे ठरलं, तेव्हा मला वाटलं की अवघड भाग रोपांचा असेल. ती तयार मिळतात. ओक किंवा हेझलच्या कोवळ्या मुळांवर बुरशी आधीच चढवलेली असते. हे तंत्र १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये व्यापारी पातळीवर आलं. त्याआधी दीडेकशे वर्षं लोक ट्रफलवाल्या ओकखालची फळं पेरून नशिबाची वाट बघत. रोपं मागवता येतात, जमीन मागवता येत नाही. आमची दोन वर्षं त्या जमिनीतच गेली. हा त्या दोन वर्षांचा हिशेब, चुकांसकट.

पहिली चूक तर मी काही वाचायच्या आधीच करून बसलो होतो. नवी जमीन हातात आली की माणूस काय करतो? खत घालतो. मीही वरच्या कोपऱ्यात दोन ट्रॉल्या कुजलेलं शेणखत ओतलं आणि मनापासून पसरलं. बागकामाची सगळी सवय हेच सांगते की काळीभोर, कसदार माती म्हणजे चांगली माती. ट्रफलला ती नको असते. ही बुरशी झाडाच्या बारीक मुळांच्या टोकांवर मोज्यासारखी चढते, झाडाला पाणी आणि खनिजं पुरवते आणि बदल्यात साखर घेते. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) मुबलक असलं तर झाडाला या मध्यस्थाची गरजच उरत नाही. पोट भरलेल्या झाडाच्या मुळांवर बुरशी नीट बसत नाही. शिवाय घातलेलं स्फुरद सहजी निघून जात नाही, वर्षानुवर्षं मातीला चिकटून राहतं. म्हणजे त्या दोन ट्रॉल्या मी परत उचलू शकत नव्हतो. त्या कोपऱ्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

मग रीतसर सुरुवात केली, ती खड्ड्यांपासून. उतारावर वर, मध्ये आणि खाली असे मीटरभर खोल तीन खड्डे खणले. हे काम कुणी टाळू नये. वरून सगळी जमीन सारखीच दिसत होती, खड्ड्यात उतरलो तेव्हा तीन वेगळ्या जमिनी निघाल्या. वरच्या खड्ड्यात खडी आणि भुसभुशीत पोयटा. मधल्यात साधारण पस्तीस सेंटिमीटरवर फळीसारखा कठीण थर. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर चालवून तो तयार केला होता. धान्याची मुळं त्या थरापर्यंत येऊन आडवी वळलेली स्पष्ट दिसत होती, जणू जमिनीवर पडलेल्या माणसाने कूस बदलावी. खालच्या खड्ड्यात तळाशी राखाडी मातीवर गंजाचे ठिपके होते. तिथे वर्षातले काही महिने पाणी साचून राहतं याची ती खूण. ट्रफलला पाणी लागतं, पण पाण्यात उभं राहणं चालत नाही.

निचऱ्याची परीक्षा सोपी आहे. चाळीस सेंटिमीटरचा खड्डा पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या वेळचा वेग मोजायचा. पहिल्या भरण्यावर विसंबू नये, कोरडी माती सगळंच पिते. वरच्या खड्ड्यात तासाला सहा सेंटिमीटर पाणी उतरलं. मधल्यात जेमतेम एक. दादा पट्टी धरून दोन तास बसला होता. शेवटी म्हणाला, "हे पाणी माझ्यापेक्षा निवांत आहे."

पोत तपासायला बरणी वापरली. मूठभर माती, पाणी, चिमूटभर साबणाची भुकटी, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दिवस घेते. थरांची जाडी मोजून आमच्याकडे चिकणमाती पाव हिश्शाहून थोडी जास्त निघाली. प्रयोगशाळेने २८ टक्के सांगितली, म्हणजे बरणी फार खोटं बोलली नव्हती. चाळीस टक्क्यांच्या वर चिकणमाती असती तर मी हा नाद तिथेच सोडला असता.

आणि मग सामू. काळ्या ट्रफलची मूळ जागा म्हणजे फ्रान्स, स्पेन आणि इटलीतल्या चुनखडीच्या टेकड्या. तिथल्या मातीचा सामू साधारण ७.५ ते ८.३ असतो आणि ७.९ च्या आसपास या बुरशीला सगळ्यात मानवतं. आमच्या मातीवर व्हिनेगर टाकलं तर ती ढिम्म. एक बुडबुडा नाही, म्हणजे चुनखडी नावालाही नाही. माझ्या मीटरवर सामू ६.२ आला. प्रयोगशाळेच्या कागदावर ५.५. मी फोन करून बराच आवाज चढवला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही माती कशात कालवलीत?" मी पाण्यात मोजला होता, त्यांनी कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात. त्या पद्धतीत आकडा साधारण अर्ध्यापासून एकापर्यंत कमी येतो. दोघंही बरोबर होतो, आवाज मात्र मी एकट्यानेच चढवला होता. ट्रफलबद्दलचे वाचनात येणारे आकडे बहुतेक पाण्यातल्या मोजणीचे असतात. तेव्हापासून वहीत प्रत्येक आकड्यापुढे 'पाणी' की 'क्लोराइड' ते लिहितो.

आम्लधर्मी जमिनीत हे पीक येतच नाही असं नाही. न्यूझीलंडमध्ये मुळात आंबट असलेल्या जमिनीत ढिगांनी चुना मिसळून १९९३ मध्ये गिझबर्नजवळ दक्षिण गोलार्धातलं पहिलं काळं ट्रफल काढलं गेलं. ते वाचून मला धीर आला. दादाला 'ढिगांनी' या शब्दाची काळजी वाटली.

किती ढीग, हा खरा प्रश्न होता. याचं तयार उत्तर कुठल्याही तक्त्यात नीट मिळत नाही, कारण दोन जमिनींचा सामू सारखा असला तरी चुन्याची भूक वेगळी असते. चिकणमाती आणि सेंद्रिय भाग जितका जास्त, तितकी माती बदलाला अडून बसते. म्हणून बादल्या मांडल्या. प्रत्येकीत एक किलो सुकी, चाळलेली माती आणि त्यात ०, ४, ८, १२, १६ आणि २० ग्रॅम बारीक दळलेली चुनखडी. ओलसर ठेवायची, झाकायची, आठवड्यातून एकदा हाताने उलथायची. सहा आठवड्यांनी मोजलं: ६.२, ६.८, ७.३, ७.७, ७.९ आणि शेवटच्या बादलीत ८.०. आकडे कसे मंदावत जातात ते बघा. पहिल्या चार ग्रॅमने सहा दशांश चढला, शेवटच्या चाराने एक दशांश. चुनखडी कितीही घातली तरी सामू ८.३ च्या आसपास जाऊन थांबतो, त्यामुळे हातून थोडी जास्त पडली तर आभाळ कोसळत नाही. कळीच्या चुन्याचं तसं नाही. वजनाला वजन धरलं तर त्याची ताकद चुनखडीच्या पावणेदोन पटींहून जास्त, पण पाणी लागताच तो उकळतो, कातडी भाजतो आणि काही काळ सामू भलताच वर नेऊन मातीतल्या जीवांनाही भाजतो. विरवलेला चुना थोडा सौम्य, तरी त्याच घरातला. आम्ही दळलेल्या चुनखडीवरच राहिलो.

१६ ग्रॅमची बादली निवडली. आता गुणाकार. पाव हेक्टर म्हणजे २,५०० चौरस मीटर, तीस सेंटिमीटर खोली, घनमीटरला साधारण १.३ टन माती. एकूण ९७५ टन. किलोला १६ ग्रॅम म्हणजे सुमारे सोळा टन चुनखडी, चौरस मीटरला साडेसहा किलोच्या जवळपास. मी खडूने अंगणात एक मीटरचा चौकोन आखून तेवढी भुकटी पसरून दाखवली. अर्धा सेंटिमीटर जाड थर बसला. दादा त्या चौकोनाभोवती एक फेरी मारून आत निघून गेला.

पहिली खेप आली ती राखाडी-तपकिरी. पुरवठादाराच्या पावतीवर नुसतं 'कृषी चुना' लिहिलेलं. मला रंग खटकला म्हणून चिमूटभर भुकटीवर व्हिनेगर टाकलं. शुद्ध चुनखडीची भुकटी फसफसून उठते, ही कंटाळल्यासारखी दोन-चार बुडबुडे काढून गप्प बसली. नमुना तपासायला पाठवला, तर डोलोमाइट निघालं, मॅग्नेशियमने भरलेलं. ते सावकाश विरघळतं आणि सोळा टन घातलं तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा तोलच बिघडवतं. अर्धा ढीग शेतात उतरला होता. तो परत भरून द्यायला दोन दिवस आणि बरीच हुज्जत लागली. दुसऱ्या खेपेच्या आधी विश्लेषणाचा कागद मागवला: कॅल्शियम कार्बोनेट किती, मॅग्नेशियम किती, दळण किती बारीक. बारीक दळण लवकर लागू पडतं, थोडी भरड बाजू पुढच्या वर्षांची शिल्लक म्हणून राहते. आम्हाला दोन्हीचं मिश्रण हवं होतं.

चुन्याच्या आधी एक काम राहिलं होतं, शेजारच्या पाइनच्या रांगेचं. ओक, पाइन, बर्च, चेस्टनट, विलो अशा झाडांच्या मुळांवर त्यांच्या त्यांच्या बुरश्या असतात आणि त्या ट्रफलची जागा बळकावतात. जुनं जंगल तोडून तिथेच ट्रफल लावणं म्हणजे भरलेल्या घरात भाडेकरू घुसवणं. उलट धान्य, द्राक्ष, सफरचंद, चेरी यांच्या मुळांवरची बुरशी वेगळ्या जातकुळीची असते, ती ओकच्या मुळाकडे बघतही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा या मुळं शोषणाऱ्या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा मेल्या आणि त्या रिकाम्या चुनखडीच्या जमिनींवर ट्रफलचे ओक इतके फोफावले, त्याचं एक कारण हेही. आमच्या उतारावर आधी धान्यच होतं, हे नशीब. पण पाइनची मुळं फांद्यांच्या घेराबाहेर बरीच लांब येतात. हद्दीने मीटरभर खोल चर खणला, मनगटाएवढी मुळं तोडली आणि त्या बाजूला आठ मीटरचा पट्टा मोकळा सोडायचं ठरवलं होतं. पुढे हाव सुटली आणि तो पाच मीटरवर आला. हे बरोबर केलं की नाही ते झाडं सांगतील.

उन्हाळ्याच्या शेवटी माती पार सुकल्यावर सबसॉयलर, म्हणजे खालचा कठीण थर फोडणारा खोल दाताचा नांगर, चालवला. मशागत वाफशावर, म्हणजे माती बेताची ओलसर असताना, करायची हे आपल्या हाडात भिनलेलं असतं, इथे मात्र मुद्दाम कोरड्यात करायची. ओल्या मातीत सबसॉयलरचा दात लोण्यातल्या सुरीसारखा जातो, फक्त खाच पडते. कोरड्यात तो कठीण थर कडाकड फुटतो. पंचावन्न सेंटिमीटर खोल, आधी उताराला आडवं आणि मग तिरकं. त्याआधी अर्धा चुना पसरला होता, म्हणजे थोडा फटींतून खाली उतरेल. उरलेला अर्धा नंतर वरून टाकला आणि दात्यांच्या कल्टिव्हेटरने मिसळला. पलटी नांगर मुद्दाम वापरला नाही, त्याने खालची निर्जीव माती वर आणि वरची जिवंत माती खाली गेली असती. दगडही वेचले नाहीत, दात्यात अडकणारे तेवढे काढले. दगडांमुळे माती मोकळी राहते.

चुना पसरायला वारा पडलेला दिवस लागतो. आम्ही सकाळी वारा बघून सुरुवात केली आणि दहा वाजता तो उठलाच. पुढचा अर्धा टन शेजारच्या पाइनवर गेला. दादाने चष्मा आणि मास्क लावला होता, मी नुसता रुमाल. दोन दिवस डोळे लाल होते.

शरद ऋतूत बार्ली पेरली. तिच्या बारीक मुळांनी माती बांधली जाते आणि ट्रफलला त्रास देणारी बुरशी ती आणत नाही. वसंतात नमुने घेतले, सामू ८.१! मी रोपांची मागणी नोंदवायला निघालो होतो. दादा म्हणाला, "एकदा खणून तरी बघ, अरे." मनातून वैतागलोच होतो, पण खणलं.

खड्ड्याच्या भिंतीत चुना पट्ट्यापट्ट्यांनी बसला होता. वरच्या आठ-दहा सेंटिमीटरमध्ये भरपूर, त्याखाली कुठे दात्याच्या रेषेत बोटभर पांढरी शीर, आणि बाकी सगळी जशीच्या तशी तपकिरी. मी नमुने वरवर खरवडून घेतले होते. एक ढेकूळ फोडलं. बाहेरून पांढरं, आत मूळ माती. दादाने व्हिनेगरची बाटली आणली आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक धार सोडली. वर फसफस, मग शांतता, मग एका शिरेवर फसफस, पुन्हा शांतता. वीस सेंटिमीटरवरच्या तपकिरी मातीचा सामू मोजला, ६.४. चुनखडी पाण्यात अगदीच कमी विरघळते, ती आपल्या पायांनी खाली चालत जात नाही. तिला हाताने तिथवर पोचवावं लागतं, हे मला बादल्यांनी सांगितलंच नव्हतं. बादलीत मी दर आठवड्याला उलथत होतो ना.

दुसरा उन्हाळा. बार्ली कापली, काड शेतातच बारीक केलं आणि या वेळी मातीत फावडी मारत जाणारं यंत्र आणलं, ट्रॅक्टरमागे एका दांड्यावर सहा फावडी. ते माती खणून मागे फेकतं, रोटाव्हेटरसारखं तिचं पीठ करत नाही. रोटाव्हेटरचा मोह मलाही झाला होता, वरून गादीसारखं सुंदर दिसतं. पण पहिल्या जोरदार पावसात त्याचा पापुद्रा धरतो, हवा कोंडते आणि खाली नवा कठीण थर तयार होतो. ट्रफलला हवी असते रवाळ माती, मुठीत दाबली की गोळा व्हावी आणि अंगठा लावला की सुटावी. दोन आडव्या-उभ्या फेऱ्या मारल्या. मध्ये पंधरा दिवस जाऊ दिले, एक पाऊस पडू दिला. वाफसा आल्याशिवाय यंत्र शेतात घातलं नाही. तेवढ्यापुरती जुनी सवय कामाला आली.

मग थांबलो. हा भाग लिहायला काहीच नाही आणि जायला सगळ्यात लांब. हिवाळ्यात ढेकळं गोठली, सुटली, पुन्हा गोठली आणि आपोआप फुटत गेली. आमच्या यंत्रापेक्षा ते काम दहिवराने नीट केलं. खालच्या राखाडी ठिपक्यांच्या भागात उताराला तिरका पाझर चर काढला, त्यातून पहिल्या पावसात पाणी वाहताना दिसलं. गांडुळं, जी चुन्यानंतर गायब झाली होती, ती फेब्रुवारीत फावड्याखाली पुन्हा दिसू लागली.

या वेळी नमुने वीस ठिकाणांहून, शून्य ते पंधरा आणि पंधरा ते तीस सेंटिमीटर असे वेगळे घेतले. वर ७.९, खाली ७.७, दोन्ही पाण्यातले. सोबत लोह, जस्त आणि बोरॉनही तपासून घेतलं, कारण सामू इतका चढला की ती मातीत असूनही मुळांना मिळेनाशी होतात आणि पानं पिवळी पडतात. जस्त काठावर आहे. पानं काय म्हणतात ते बघून ठरवू.

आणि तो कोपरा. शेणखताच्या तीनशे चौरस मीटरमध्ये सामू ७.२ वरच अडकला, एवढ्या सेंद्रिय मातीने चुना गिळून टाकला. स्फुरद बाकी शेताच्या चौपट. अजून चुना घालून सामू चढवता आला असता, स्फुरदाचं काय करणार? दादा म्हणाला, "बारा झाडांसाठी एवढं डोकं नको लावूस." पाच बाय पाच मीटरवर शंभर रोपांचा आराखडा होता, तो अठ्ठ्याऐंशीवर आणला. कोपऱ्यात आता नुसतं धान्य पेरतोय आणि कापून बाहेर नेतोय, दर वर्षी थोडंसं स्फुरद त्यातून निघून जावं म्हणून. तिथलं धान्य कमरेएवढं, हिरवंगार. बाकी शेत त्याच्यापुढे रोगट दिसतं. येणारा प्रत्येक जण त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, इथली जमीन काय सुरेख आहे हो!

मार्चमध्ये रोपांचे खड्डे घेतले, मुळांच्या गठ्ठ्याहून जरासेच मोठे, तळाशी काहीही न घालता. प्रत्येक खड्ड्यात दादा व्हिनेगरचे दोन थेंब टाकायचा, गुडघे टेकून कान खाली न्यायचा आणि मान हलवायचा. सदतिसाव्या खड्ड्यात त्याने मान हलवली नाही. आम्ही तो खड्डा बुजवला आणि दीड हात बाजूला दुसरा घेतला. तिथे मला उभ्यानेही ऐकू आलं.